टायरवरील नक्षी आणि पाण्याची वाट

बैलगाडीच्या चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी तापवून चढवीत असे, तिला मराठीत 'धाव' हे नाव आहे. धावेवर कसलीही नक्षी नसते, आणि गाडीवानास तिची उणीव कधी भासली नाही. याचे कारण असे की, गाडी ओढणारे बळ बैलांच्या खुरांतून जमिनीस लागते. चाक केवळ फिरते. मोटारीत हा व्यवहार पालटला. वेग देणे, थांबविणे आणि वळविणे ही तिन्ही कामे चाक व रस्ता यांच्या संपर्कातूनच व्हावी लागतात, आणि हा संपर्क प्रत्येक चाकाखाली जेमतेम तळहाताएवढ्या जागेपुरता असतो. एवढ्याशा जागेतील रबरात खाचा का पाडलेल्या असतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. प्रश्न वरवर सामान्य आहे. परंतु त्याचे प्रचलित उत्तर चुकीचे असून टायर बसविताना होणाऱ्या पुष्कळशा चुका त्या उत्तरातूनच निघतात.

खाचांमुळे टायर रस्त्यास धरून राहतो, असे सामान्यतः समजले जाते. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरास आपल्याकडे 'गोटा' म्हणतात, आणि गोटा झालेला टायर पावसात घसरतो हा सर्वांचा अनुभव आहे. अनुभव खरा आहे. त्यावरून काढलेले अनुमान मात्र खरे नाही. शर्यतीच्या मोटारींचे उदाहरण या बाबतीत निर्णायक ठरावे. फॉर्म्युला वन शर्यतींत १९७१ पासून कोरड्या मार्गासाठी पूर्णतः गुळगुळीत टायर वापरात आले. पुढे मोटारींचा वळणांवरील वेग कमी व्हावा म्हणून नियामकांनी १९९८ साली टायरांवर खाचा सक्तीच्या केल्या, आणि २००९ साली ही सक्ती उठविली. खाचांनी पकड वाढत असती तर वेग घटविण्यासाठी त्यांचा आश्रय करण्यात काहीच अर्थ नव्हता.

घर्षण हे संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हा शालेय पुस्तकांतील नियम रबरास नीट लागू पडत नाही. रबर रस्त्याच्या बारीक उंचवट्यांवर बसते, त्यांना चिकटते आणि त्यांवरून सरकताना आकुंचन-प्रसरण पावून ऊर्जा गिळते. ग्रॉश यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून रबराचे घर्षण वेग व तपमान यांनुसार कसे बदलते, आणि त्या बदलाचा रबराच्या श्यान-स्थितिस्थापक गुणधर्मांशी कसा संबंध आहे, हे स्पष्ट झाले. कोरड्या रस्त्यावर म्हणूनच जितके रबर अधिक टेकेल तितके इष्ट. मोटारीच्या नेहमीच्या टायरात टेकणाऱ्या भागाचा चौथा ते तिसरा हिस्सा खाचांनी व्यापलेला असतो. एवढ्या रबराचा त्याग कारखानदार करतो तो केवळ पाण्यासाठी.

या पाण्याचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. टायरचा टेकणारा भाग १५ सेंटिमीटर रुंद आणि रस्त्यावरील पाणी ३ मिलिमीटर खोल आहे असे समजू. ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारे २२ मीटर, या वेगाने जाणाऱ्या एका चाकापुढे दर सेकंदास सुमारे १० लिटर पाणी येते. टेकणाऱ्या भागाची लांबीही १५ सेंटिमीटर धरली, तर रबराचा कोणताही बिंदू रस्त्यावर एका सेकंदाच्या दीडशेव्या हिश्श्याहून अधिक काळ राहत नाही. तेवढ्यात हे पाणी कोठे तरी गेले पाहिजे. चाकापुढील पाण्याचा छेद ४५० चौरस मिलिमीटर भरतो. नव्या टायरावर ८ मिलिमीटर रुंद व तितक्याच खोल अशा चार उभ्या खाचा असल्यास त्यांत २५६ चौरस मिलिमीटर छेदाचे पाणी सामावते. उरलेले दोहों बाजूंस सारणे अवघड नाही. हाच टायर झिजून खाचा १.६ मिलिमीटर उरल्या म्हणजे ही जागा केवळ ५१ चौरस मिलिमीटर राहते. १.६ मिलिमीटर ही आपल्या देशात आणि युरोपातही मोटारीच्या टायराची कायदेशीर मर्यादा आहे, आणि खाचांच्या तळाशी असलेले लहान आडवे उंचवटे ती दाखवितात. कायदा कोठे तरी रेघ ओढतो. पाण्याला ती रेघ ठाऊक नसते. सह्याद्रीच्या घाटांतून आषाढ-श्रावणात नित्य प्रवास करणाऱ्याने खाचा ३ मिलिमीटरांवर येताच टायर बदलावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पाण्यास वाट न मिळाल्यास ते चाकापुढे पाचरीसारखे शिरते आणि टायर उचलून धरते. ताशी ८० किलोमीटर वेगाने आदळणाऱ्या पाण्याचा गतिजन्य दाब सुमारे २४७ किलोपास्कल असतो, आणि टायरातील हवेचा दाब ३२ पौंड, म्हणजे सुमारे २२० किलोपास्कल. या दोन राशी इतक्या जवळ असाव्यात यातच धोक्याचे मूळ आहे. अमेरिकेतील नासा या संस्थेच्या हॉर्न व ड्रेअर यांनी विमानांच्या चाकांचा अभ्यास करून १९६३ साली दाखविले की, खाचांना न पेलणारे पाणी असेल तर चाक पूर्णतः तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. दाब किलोपास्कलांत घेऊन त्याच्या वर्गमुळास ६.३४ ने गुणले असता ताशी किलोमीटरांतील वेग मिळतो. मोटारीच्या टायरास हे सूत्र स्थूलमानानेच लागू पडते. तरीही ३२ पौंडांस ताशी ९४ आणि २४ पौंडांस ताशी ८२ किलोमीटर हे आकडे बोलके आहेत. यावरून हवा वाजवीपेक्षा अधिक भरावी असे मात्र कोणी समजू नये. तसे केल्यास टेकणारा भागच आक्रसतो. दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेला दाब टायर थंड असताना भरावा, हेच योग्य.

मोठ्या खाचांनी बहुतेक पाणी वाहून नेले तरी रबराच्या ठोकळ्याखाली एक पातळ थर उरतो. तो फोडण्यासाठी ठोकळ्यांवर सुरीने कापल्यासारख्या बारीक चिरा दिलेल्या असतात. अमेरिकेत जॉन साइप यांना अशा चिरांचे पेटंट १९२३ साली मिळाले, आणि इंग्रजीत त्या चिरांस त्यांचेच नाव पडले. चिरा फार झाल्या तर ठोकळे लवचीक होऊन वळणावर वाकतात. प्रत्येक नक्षी ही अशी तडजोडच असते. ठोकळ्यांची लांबी थोडी कमी-अधिक ठेवलेली आढळते तीही शोभेसाठी नव्हे. सर्व ठोकळे समान असते तर चाकातून एकाच स्वराचा कर्कश नाद निघाला असता.

चिखलात मात्र प्रचलित उत्तर खरे ठरते. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागील चाकांवरील उंच, तिरपे दात माती खरोखरच कापतात व तिच्यात रुततात. तेथेही दातांची दिशा महत्त्वाची असते. चाक फिरताना मधला भाग आधी टेकून चिखल दोहों कडांकडे फेकला गेला पाहिजे. चाक उलटे बसविल्यास चिखल दातांत अडकून राहतो.

मोटारीच्या दिशाबद्ध टायरात हेच तत्त्व पाण्यास लाविलेले आहे. त्यावरील तिरप्या खाचा बाणाच्या टोकाप्रमाणे मध्याशी मिळतात, आणि टायरच्या कडेवर फिरण्याची दिशा दाखविणारा बाण असतो. बाणाविरुद्ध बसविलेला टायर कोरड्या रस्त्यावर फारसा फरक दाखवीत नाही, आणि म्हणूनच चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही. पहिल्या पावसात तो पाणी बाहेर टाकण्याऐवजी मध्याकडे ढकलू लागतो. असममित टायराची गोष्ट वेगळी. त्याच्या एका कडेस मोठे, भक्कम ठोकळे असतात आणि दुसरीकडे खाचा अधिक. वळणावर भार बाहेरच्या कडेवर येत असल्याने ठोकळ्यांची बाजू बाहेर हवी, आणि त्या बाजूवर इंग्रजीत 'आउटसाइड' असे उठविलेले असते. डावे-उजवे येथे चालते. आत-बाहेर चालत नाही. सममित टायरास यांपैकी कोणतेच बंधन नाही. नक्षी कोणतीही असो, एका आसावरील दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि सारखेच झिजलेले असावेत.

सर्वांत अधिक वाद दोनच नवे टायर घ्यावयाचे असतील तेव्हा होतो. पुढील चाकांनी चालणाऱ्या मोटारीचे पुढचे टायर लवकर झिजतात, आणि इंजिनाचे बळ, सुकाणू व ब्रेकचा मोठा भार पुढेच असल्याने नवे टायर पुढे घालावेत असे मालकास स्वाभाविकपणे वाटते. दुकानदारही क्वचितच हरकत घेतो. तथापि स्थैर्याच्या दृष्टीने विचार केल्यास निष्कर्ष उलट निघतो. पुढच्या चाकांची पकड सुटली तर मोटार वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते, सुकाणू हलके लागते, चालक वेग कमी करतो आणि पकड पुन्हा येते. मागच्या चाकांची पकड सुटली तर मोटारीचा मागील भाग बाहेर फेकला जातो, आणि हे वळणे स्वतःच स्वतःला वाढविते. पहिली स्थिती स्थिर समतोलाकडे परतणारी आहे, दुसरी अस्थिर. शिवाय नवे टायर पुढे असल्यास पाण्यातही सुकाणू घट्ट लागते. मागची चाके तरंगू लागली तरी चालकाच्या हातास इशारा मिळत नाही. यास्तव नवे टायर मागे घालावेत आणि मागचे पुढे आणावेत. मोटार कोणत्या चाकांनी चालते याचा येथे संबंध नाही.

टायरच्या कडेवरील चार आकडी खूण त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ती घेतानाच पाहावी. चाकाचे नट समोरासमोरचे क्रमाने, थोडे थोडे आवळावेत. राहता राहिली स्टेपनी. वेल्समधील लनेथली या गावी, स्टेपनी रस्त्यावरील डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जे जादा चाक विकावयास काढले त्याचे हे नाव इंग्लंडात मागे पडले व आपल्याकडे टिकले. दिशाबद्ध टायर असलेली स्टेपनी मोटारीच्या एकाच बाजूस नीट बसते. दुसऱ्या बाजूचे चाक पंक्चर झाल्यास ती उलटीच लावावी लागते. पाऊस असेल तर मूळ चाक दुरुस्त होऊन परत चढेपर्यंत वेग बेताचा ठेवावा.