खटके व सॉकेट, घरगुती

दिव्याकडे वा उपकरणाकडे जाणारा विद्युत् प्रवाह चालू-बंद करणारे साधन म्हणजे खटका (स्विच) आणि उपकरणाचा प्लग ज्यात बसवितात ते सॉकेट. भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट दाबाचा व प्रत्यावर्ती असतो. खटका फेज तारेतच जोडावा लागतो. तो न्यूट्रल तारेत बसविल्यास दिवा विझतो खरा; पण होल्डरमध्ये पूर्ण दाब कायम राहतो व दिवा बदलणाऱ्यास धक्का बसू शकतो. दिवा नीट लागत-विझत असल्याने हा दोष वर्षानुवर्षे ध्यानातही येत नाही.

तीन छिद्रांच्या सॉकेटात समोरून पाहता वरचे मोठे छिद्र भूयोजनाचे (अर्थिंगचे), उजवे फेजचे व डावे न्यूट्रलचे असते. प्लगची भूयोजनाची पिन अधिक लांब असल्यामुळे ती आधी जुळते व शेवटी सुटते. भूयोजन नसल्यास निरोधन बिघडताच इस्त्रीसारख्या उपकरणाचा धातूचा भाग प्राणघातक ठरू शकतो. अशा वेळी देहातून जाणारा प्रवाह इतका अल्प असतो, की त्याने वितळतार (फ्यूज) वितळत नाही. म्हणून ३० मिलिअँपिअर गळतीला मंडल तोडणारे साधनही बसवितात. जोडणीचे काम मुख्य खटका बंद करून परवानाधारक वायरमनकडून करवून घेतात.