वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी आणि तिच्यावरील उपचार

गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात आम्ही जुन्या वसतिगृहातच मुक्काम केला. ज्या लांब दालनात लहानपणी चटया अंथरून ओळीने निजत असू, त्याच दालनात साठी-सत्तरीतील पंचवीस-तीस पुरुष रात्री निजले. निजले असे म्हणावयाचे इतकेच. मध्यरात्रीपासून दार वाजू लागले, ते पहाटेपर्यंत थांबले नाही. अंधारात चपला चाचपडत कोणी ना कोणी बाहेर जात होता. कोणी दोनदा, कोणी चार-पाच वेळा. सकाळी बुद्धवंदनेनंतर चहा घेताना मात्र प्रत्येकाने झोप छान लागल्याचे सांगितले. आमच्यापैकी काहींचे आयुष्य वैद्यकीय सेवेत गेले आहे, त्यामुळे त्या उत्तरामागचे मौन आम्हांस ओळखता आले. स्मरणिकेत शाळेच्या आठवणी पुष्कळ येतील. आम्ही या न बोललेल्या विषयावर लिहावयाचे ठरविले.

प्रोस्टेट ही केवळ पुरुषांच्या शरीरातील ग्रंथी. मराठी परिभाषेत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून ती असते. तरुण वयात तिचा आकार अक्रोडाएवढा व वजन सुमारे २० ग्रॅम असते. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती निर्माण करते. चाळिशीनंतर ती सावकाश वाढू लागते. साठीत निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढे बहुतेकांत ही वाढ आढळते. मधून जाणारा मार्ग त्यामुळे आवळला जातो. लघवी सुरू होण्यास वेळ लागतो, धार बारीक होते, मध्येच तुटते, शेवटी थेंब थेंब गळते आणि मूत्राशय पूर्ण रिकामा झाल्यासारखे वाटत नाही. पुढे मूत्राशयाचा स्नायू कुरकुरू लागला की वारंवार जावे लागते, लागली की आवरत नाही, रात्री झोपमोड होते.

ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचे रूपांतर पुढे कर्करोगात होत नाही. दोन्ही विकार एकाच ग्रंथीत शेजारी असू शकतात, म्हणून तपासणी टाळू नये, एवढेच.

आणखी एक गैरसमज सोनोग्राफीच्या अहवालाने होतो. ग्रंथी ७० ग्रॅमची झाली हे वाचून काहीजण हबकतात, तर ३० ग्रॅमची पाहून काहीजण निश्चिंत होतात. आकार आणि त्रास यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. मोठी ग्रंथी बाहेरच्या बाजूस वाढली तर वर्षानुवर्षे तक्रार नसते; लहानशी वाढ मूत्राशयाच्या तोंडाशी असली तर लघवी तुंबते. उपचार ठरतो तो मुख्यतः त्रासावरून आणि मूत्राशय व मूत्रपिंडे यांवर झालेल्या परिणामावरून. त्रास मोजण्यासाठी सात प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नास ० ते ५ गुण. बेरीज ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. जोडीला बोटाने गुदद्वारातून केलेली तपासणी (हिलाच लोक लाजतात, आणि ती मिनिटभरात संपते), लघवीची व रक्तातील साखरेची तपासणी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, आवश्यकतेनुसार पीएसए, आणि लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते हे दाखविणारी सोनोग्राफी. रात्री वारंवार उठावे लागण्याचे कारण मधुमेहही असू शकतो, हे आमच्या पिढीने विशेष ध्यानात ठेवावे.

आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांची हकीकत येथे सांगणे अवश्य वाटते. त्यांना काही दुखत नव्हते. फक्त झोपेत अंथरूण ओले होऊ लागले. सत्तरीच्या माणसाने हे कोणास सांगावे? ते पहाटे घर जागे होण्यापूर्वी उठून चादर स्वतः धूत. पाणी पिणे त्यांनी जवळजवळ सोडले, नातेवाइकांकडे मुक्कामास जाणे सोडले, विहारातील वर्षावासाच्या कार्यक्रमासही जाईनात. दहा महिन्यांनी पायांवर सूज व मळमळ सुरू झाली तेव्हा मुलाने त्यांना दवाखान्यात नेले. मूत्राशय फुगून बेंबीपर्यंत आला होता. नळी घालताच एक लिटरहून अधिक लघवी निघाली. दिवसरात्र तुंबलेला मूत्राशय झोपेत काठोकाठ भरून सांडत होता आणि मागचा दाब मूत्रपिंडांवर पडत होता. नळी ठेवल्यावर मूत्रपिंडे बरीच सावरली, पूर्ववत मात्र झाली नाहीत. वृद्ध पुरुषाचे अंथरूण नव्याने ओले होऊ लागणे ही म्हातारपणाची खोड नसून तातडीची खूण असते, हे त्या घरात कोणास ठाऊक नव्हते.

विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्खूचा प्रसंग आहे. तो स्वतःच्या मलमूत्रात पडलेला होता आणि कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्यास धुतले आणि दोघांनी उचलून त्यास मंचकावर निजविले. हा प्रसंग आम्ही शाळेत अनेकदा ऐकला. परंतु त्याच ठिकाणी शुश्रूषा करण्यास सोपा असा रुग्ण कोणता, याचीही लक्षणे दिली आहेत. आपला विकार वाढतो आहे की कमी होतो आहे, हे हितचिंतक शुश्रूषकास जसेच्या तसे सांगणारा, हे त्यांपैकी एक. त्याकडे आमचे लक्ष वार्धक्यात गेले.

आता उपचार. त्रास सौम्य असेल तर औषधाची घाई नको. निजण्यापूर्वी दोन-तीन तास पाणी व चहा कमी करावा, दिवसाचे पाणी तोडू नये. लघवी झाल्यावर क्षणभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी एकाएकी अडते, म्हणून त्या मनाने घेऊ नयेत. मद्यानेही तेच होते. पंचशील पाळणाऱ्यांस हे सांगण्याचे कारण नसावे. वर्षातून एकदा तपासणी करीत राहावे.

त्रास मध्यम झाला की औषधे. टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन ही औषधे ग्रंथीतील व मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतात. थोड्याच दिवसांत धार सुधारते, ग्रंथी मात्र लहान होत नाही. उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री अंथरुणावर क्षणभर बसून मग उभे राहावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर नेत्रतज्ज्ञास ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती, हे आधी सांगावे. तिच्यामुळे बुबुळातील पडदा शस्त्रक्रियेत सैल पडतो. दुसरा गट फिनास्टेराइड व ड्युटास्टेराइड यांचा. ही औषधे मोठी ग्रंथी खरोखर आकसवितात, परंतु गुण येण्यास सहा महिने किंवा अधिक लागतात. काहींची कामेच्छा मंदावते. शिवाय पीएसएचा आकडा निम्म्यावर येतो. तपासणाऱ्यास औषध ठाऊक नसेल तर तो आकडा फसवितो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत दोन्ही प्रकारची औषधे एकत्र घेणाऱ्यांमध्ये विकार बळावण्याचा धोका सुमारे दोन-तृतीयांशाने घटला. जाहिरातींतील सॉ पाल्मेटोच्या कॅप्सूल मात्र काटेकोर चाचण्यांत बनावट गोळीहून सरस ठरल्या नाहीत.

लघवी एकाएकी पूर्ण अडली तर पोटात असह्य कळा येतात. तेव्हा घरगुती उपाय करीत बसू नये. रुग्णालयात नळी घालताच आराम पडतो. औषध देऊन काही दिवसांनी नळी काढून पाहतात. अनेकांची लघवी पुन्हा सुरू होते.

नळी काढताच पुन्हा अडणे, वारंवार जंतुसंसर्ग, मूत्राशयात खडे, लघवीतून रक्त, मूत्रपिंडांवर ताण किंवा औषधांनी गुण न येणे, अशा स्थितीत शस्त्रक्रिया करावी. आपल्याकडे जिला दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणतात, ती टीयूआरपी. कमरेखालचा भाग बधिर करून मूत्रमार्गातूनच दुर्बीण नेतात व अडथळा करणारा भाग आतून तासून काढतात. पोटावर छेद नसतो. नळी साधारण एक ते तीन दिवस राहते. ८० ग्रॅमहून मोठ्या ग्रंथीसाठी पूर्वी पोट उघडीत. पीटर फ्रेयर या आयरिश शल्यविशारदाने इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील नोकरीनंतर लंडनमध्ये १९०० साली ही पोटावाटेची शस्त्रक्रिया सुरू केली. आज तेच काम होलेप या लेसर पद्धतीने छेदाविना होते आणि रक्तस्रावही कमी होतो. वाफेने ग्रंथी आकसविणे, बारीक टाके घालून मार्ग मोकळा करणे या नव्या पद्धती अद्याप महाग आहेत.

शस्त्रक्रियेचे नाव काढताच पुरुष ज्या भयाने गप्प होतात, त्याविषयी स्पष्ट लिहितो. दुर्बिणीच्या किंवा लेसरच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांची ताठरता पूर्वीसारखीच राहते. बदल होतो तो असा की, वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते व पुढे लघवीवाटे निघून जाते. त्याने अपाय होत नाही, पण अपत्य हवे असणाऱ्याने हे आधी बोलावे. हा प्रश्न पत्नीसमवेत बसून शल्यविशारदास विचारावा.

खर्चाच्या धास्तीने घरी बसू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र असतो; शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन जावे आणि आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे त्याच्याकडून समजून घ्यावे. चालू गोळ्यांची वेष्टने, विशेषतः रक्त पातळ करणारी, सोबत न्यावीत.

पुढील मेळाव्यात सात प्रश्नांची मराठी प्रत प्रत्येकास मिळेल. उत्तरे कोणास दाखवावयाची नाहीत, बेरीज मात्र स्वतः करावयाची आहे. ज्येष्ठांची निजण्याची सोय तळमजल्यावर, स्वच्छतागृहालगतच्या दालनात करावी आणि वाटेवर रात्रभर दिवा ठेवावा, अशी विनंती आम्ही संयोजन समितीस केली आहे.