वय वाढते तेव्हा वेग किती असावा?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरी मोटारसायकल असेल, तर ती चालवणारे कोणीतरी वडीलधारे माणूसही असेल. कदाचित ते तुमचे वडील असतील, कदाचित पासष्टी ओलांडलेले आजोबा. "तीस वर्षे गाडी चालवतोय, अजून कुणाला धक्का लागलेला नाही," असे ते अभिमानाने सांगत असतील, आणि ते खरेही असेल. पण पुढच्या वर्षीही त्याच वेगाने गाडी चालवणे सुरक्षित राहील का, याचे उत्तर त्या तीस वर्षांत सापडत नाही. ते मोजून काढावे लागते. त्यासाठी लागणारी गतीची समीकरणे तुम्ही शाळेत शिकता.

हे मोजमाप करण्याची गरज मला कशी पडली, ते आधी सांगतो. माझे वय सत्तेचाळीस. गेली पंचवीस वर्षे मी मोटारसायकलवरून कॉलेजला जातो. आमचा भाग उसाचा. मागच्या गळीत हंगामात एका संध्याकाळी सातच्या सुमारास घरी परतत होतो. वेग होता ताशी ६० किलोमीटर. समोरून एका मोटारीचा पांढरा झगझगीत प्रकाश आला आणि निघून गेला. पुढच्याच क्षणी माझ्या दिव्याच्या उजेडात रस्त्यावर पडलेली लिंबाची फांदी दिसली. नादुरुस्त वाहनामागे खूण म्हणून आपल्याकडे अशी फांदी किंवा दगड ठेवतात. फांदीच्या पुढे, रस्त्यातच, उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. तिला मागे दिवा नव्हता आणि तांबडी परावर्तक पट्टीही नव्हती. मी ब्रेक दाबले, पण नुसत्या ब्रेकने भागणार नाही हे दिसत होते. हँडल उजवीकडे वळवले. समोरून त्या वेळी कोणी येत नव्हते, म्हणून वाचलो. उसाच्या एका टोकाने माझी डावी बाही तेवढी फाडली.

घरी आल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फाटकी बाही पाहिली. सगळी हकीकत ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, "तुला ती ट्रॉली किती लांबून दिसली?"

अण्णा प्राथमिक शिक्षक होते. १९८३ साली घेतलेली राजदूत त्यांनी वर्षानुवर्षे चालवली. बासष्टाव्या वर्षी मात्र त्यांनी स्वतःच नियम केला, की दिवेलागणीनंतर गाडी काढायची नाही. मी तेव्हा हसलो होतो. अण्णा घाबरायला लागले, असे मला वाटले होते. आता त्यांचा प्रश्न घेऊन मी कागद-पेन्सिल पुढे ओढली.

पट्टीचा प्रयोग

वय वाढले की हालचाली मंदावतात, असे सर्वजण म्हणतात. किती मंदावतात, हे एका पट्टीने पाहता येते. तुमच्या मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायला सांगा. शून्याच्या खुणेजवळ तुमचा अंगठा आणि तर्जनी पट्टीला न टेकता ठेवा. मित्र न सांगता पट्टी सोडेल. तुम्ही ती चिमटीत पकडायची आणि कोणत्या खुणेवर पकडली ते वाचायचे. पट्टी गुरुत्वीय त्वरणाने पडते, म्हणून

काल = √(२ × अंतर ÷ ९.८)

यात अंतर मीटरमध्ये घेतले की काल सेकंदांत मिळतो. १५ सेंटिमीटरला सुमारे ०.१७ सेकंद, २० ला ०.२० सेकंद, २५ ला ०.२३ सेकंद. हा तुमचा प्रतिक्रिया-काल. दहा वेळा प्रयोग करून सरासरी काढा.

आता हाच प्रयोग आजोबांबरोबर करा. फरक अपेक्षेपेक्षा कमी निघण्याचा संभव आहे. काही सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाचे काही शतांश. आजोबा विजयी मुद्रेने तुमच्याकडे पाहतील. पण थांबा, प्रयोग अजून अर्धाच झाला आहे.

प्रयोगशाळेतून दोन मीटरपट्ट्या आणा. दोन्ही पट्ट्या लोंबत्या धरा आणि पकडणाऱ्याचे दोन्ही हात तयार ठेवा. मात्र सोडायची एकच, आणि जी सुटेल तीच पकडायची. दुसऱ्या पट्टीला हात लागला तर ती पाळी बाद. आता मेंदूला नुसते पाहायचे नसते, निवड करायची असते. तुमचाही काल वाढेल आणि पट्टी अर्ध्या मीटरहून अधिक खाली येऊ शकेल. आजोबांचा काल मात्र त्याहून जास्त वाढलेला दिसेल. वयाचा परिणाम साध्या प्रतिक्रियेवर थोडा आणि निवडीच्या प्रतिक्रियेवर अधिक होतो. रस्त्यावर तर प्रत्येक प्रतिक्रिया निवडीचीच असते. ती सावली आहे की म्हैस? ब्रेक दाबू की वळू? डावीकडे की उजवीकडे?

म्हणूनच रस्त्यावरचा प्रतिक्रिया-काल पट्टीवरच्यापेक्षा बराच मोठा असतो. अनपेक्षित अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद ते दीड सेकंद सहज जातो. आपण तरुण चालकासाठी एक आणि वयस्क चालकासाठी दीड सेकंद धरू.

अर्ध्या सेकंदाची किंमत

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगले ब्रेक लावल्यास मंदन, म्हणजे ऋण त्वरण, दर सेकंदास सेकंदाला ५ मीटर धरू. ब्रेक लागल्यावर गाडी जे अंतर कापते, ते वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट एवढे असते. येथे ते सुमारे २८ मीटर येते. त्यात प्रतिक्रिया-कालातले अंतर मिळवायचे.

तरुण चालक : १६.७ + २७.८ = ४४.५ मीटर.
वयस्क चालक : २५.० + २७.८ = ५२.८ मीटर.

समजा, ट्रॉली दोघांनाही ४५ मीटरवर दिसली. तरुण चालक तिच्यापासून अर्ध्या मीटरवर थांबेल. वयस्क चालकाचे २५ मीटर ब्रेक लागण्यापूर्वीच संपलेले असतील. उरलेल्या २० मीटरांत त्याचा वेग ताशी ३२ किलोमीटरपर्यंतच उतरेल आणि त्या वेगाने तो ट्रॉलीवर आदळेल. हा वेग सुमारे ४ मीटर उंचीवरून खाली पडणाऱ्या माणसाच्या वेगाएवढा आहे. एक मजली घराच्या गच्चीवरून फरशीवर पडण्यासारखेच ते झाले.

आता प्रश्न उलटा विचारू. दीड सेकंद लागणाऱ्या चालकाला त्याच ४५ मीटरांत थांबायचे असेल, तर वेग किती हवा? वर्गसमीकरण सोडवून पाहा. उत्तर येते सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. प्रतिक्रियेत २२.५ मीटर आणि ब्रेकमध्ये २२.५ मीटर जातात.

हे उत्तर आशादायक आहे. प्रतिक्रिया दीडपट मंदावली, तरी वेग ताशी फक्त ६ किलोमीटर कमी केला की भरपाई होते. दहा किलोमीटरच्या प्रवासात त्यामुळे सव्वा मिनिटाहूनही कमी उशीर होतो. येथवरचे गणित झाले तेव्हा मला वाटले, अण्णांनी उगाच रात्रीची गाडी बंद केली. थोडी हळू चालवली असती तरी चालले असते. पण त्यांचा प्रश्न ब्रेकचा नव्हताच. त्यांनी विचारले होते, "किती लांबून दिसली?"

चाळिशी आणि त्यानंतर

चाळीस वर्षांच्या आसपास वाचनासाठी लागणाऱ्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो. नेत्रभिंगाची लवचिकता कमी होऊन निकटबिंदू दूर जातो, त्याचा हा परिणाम. हा बदल लक्षात येतो, कारण वर्तमानपत्र वाचता येत नाही. पण डोळ्यांत आणखी काही बदल होतात आणि ते सहज लक्षात येत नाहीत.

अंधारात तरुण डोळ्याची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. सत्तरीच्या सुमारास ती ५ मिलिमीटरच्या आसपासच थांबते. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे ४९ च्या जागी २५. आत येणारा प्रकाश जवळजवळ निम्मा झाला. त्यातच नेत्रभिंग पिवळट आणि गढूळ होत जाते. विशीतल्या दृष्टिपटलाला मिळतो त्याच्या सुमारे एक तृतीयांश प्रकाशच साठीतल्या दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. शिवाय गढूळ भिंगातून प्रकाश विखुरतो, म्हणून समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांत पसरतो आणि तो गेल्यावर पुन्हा नीट दिसायला अधिक वेळ लागतो.

दिवसा या बदलांनी फारसे अडत नाही, कारण सूर्यप्रकाश मुबलक असतो. रात्री मात्र अडते. जी काळी ट्रॉली तरुणाला ४५ मीटरवर दिसली, ती वयस्क डोळ्यांना समजा ३० मीटरवर दिसली. दीड सेकंदाचा प्रतिक्रिया-काल धरून तेच समीकरण पुन्हा सोडवा. सुरक्षित वेग येतो ताशी ४१ किलोमीटर. समोरच्या झोताने डोळे दिपून ती २० मीटरवर दिसली, तर वेग येतो ताशी ३१ किलोमीटर.

हे आकडे शेजारी शेजारी मांडा : ६०, ५४, ४१, ३१. पहिली उतरण मंदावलेल्या प्रतिक्रियेची. ती फक्त ६ ची आहे. पुढची सगळी उतरण डोळ्यांची आहे. आपण मात्र हातापायांच्या चपळाईचीच चौकशी करत बसतो.

मोठ्या रस्त्यावर रात्री ताशी ३१ किलोमीटरने जाणाऱ्या दुचाकीला मागून येणाऱ्या ट्रकचा धोका असतो. वेग वाढवावा तर पुढचे वेळेत दिसत नाही, कमी करावा तर मागचे अंगावर येते. अशा वेळी गाडी न काढणे हेच बरोबर उत्तर ठरते. अण्णा वर्गसमीकरण न मांडता तेथे पोहोचले होते. मी कागद दाखवला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "अरे, ब्रेक चांगलाच होता. पण दिसल्याशिवाय दाबू कसा?"

गाडीत सुधारणा झाल्या आहेत, हे खरे. १२५ सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना २०१९ पासून भारतात चाके अडकू न देणारी ब्रेकप्रणाली सक्तीची आहे. पण ती आपले काम ब्रेक दाबल्यानंतर सुरू करते. त्याआधीचा दीड सेकंद चालकाचाच राहतो.

खुणा कशा ओळखाव्यात?

वेग कमी करण्याची वेळ वाढदिवसाच्या तारखेवरून ठरत नाही. ६५ वर्षांचा एखादा चालक ५० वर्षांच्या चालकापेक्षा चांगला असू शकतो. कायद्यानेही वय झाले म्हणून परवाना काढून घेतलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पंचावन्न वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला परवाना एका वेळी पाच वर्षांसाठी मिळतो, एवढेच. पाच वर्षांच्या मधल्या काळात परीक्षा आपली आपणच घ्यायची असते.

काही खुणा मोजता येतात. आठवड्यात अचानक ब्रेक किती वेळा दाबावा लागला? कडेने येणारे वाहन हॉर्न वाजल्यावरच लक्षात आले, असे किती वेळा झाले? वळण्याआधी खांद्यावरून मागे पाहताना मान पुरेशी वळते का? थांबताना पाय एका ठिकाणी ठाम टेकतो, की जमीन शोधतो? आकडा महिन्यामागून महिना वाढत असेल, तर वेग कमी करण्याची वेळ झाली आहे.

आकडा वाढला की गाडी सोडावीच लागते, असेही नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर गढूळ भिंगाच्या जागी स्वच्छ कृत्रिम भिंग येते आणि दृष्टी पुष्कळ सुधारते. म्हणून आधी डोळे तपासावेत, मग निर्णय घ्यावा. अण्णांनी रात्रीची गाडी बासष्टाव्या वर्षी सोडली, पण दिवसा ते पुढे नऊ वर्षे चालवत होते. मान वळेनाशी झाली, तेव्हा चावी माझ्या हातात दिली. रात्रीची गाडी वेळेवर सोडली, म्हणूनच दिवसाची नऊ वर्षे त्यांना मिळाली असे मला वाटते.

करून पाहा

शिक्षकांनी हा वर्गाचा प्रकल्प म्हणून घ्यावा. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचा, आईवडिलांचा आणि आजीआजोबांचा एका पट्टीचा आणि दोन पट्ट्यांचा प्रतिक्रिया-काल मोजावा. वयानुसार दोन आलेख काढून त्यांचे चढ ताडून पाहावेत. नंतर सपाट मैदानात, गाडीविना, संध्याकाळी एक प्रयोग करावा. एका विद्यार्थ्याने काळे कापड धरून उभे राहावे. दुसऱ्याने विजेरी घेऊन आजोबांसोबत सावकाश चालत पुढे यावे. कापड प्रथम दिसले ते अंतर दोघांसाठी टेपने मोजावे. वाहनांच्या रस्त्यावर हा प्रयोग मुळीच करू नये.

मिळालेले आकडे घरी नेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. "आजोबा, आता तुम्ही गाडी चालवू नका," असे त्यांना सांगू नका. मलाही कोणी तसे सांगितले असते तर मी ऐकले नसते. आलेख त्यांच्यापुढे ठेवा, समीकरण त्यांच्याबरोबर सोडवा आणि उत्तर त्यांनाच वाचू द्या. मी माझे वाचले आहे. हिवाळ्यात मी आता साडेपाचला कॉलेजातून निघतो, आणि उशीर झालाच तर काटा चाळिसाच्या पुढे जाऊ देत नाही.