खपरीचा कुकुरदेव आणि कळपाचे राखणदार

रायपूरहून दुर्ग आणि गुंडरदेहीमार्गे बालोदला निघालं की जवळपास शंभर किलोमीटरचा रस्ता होतो. बालोद 2012 साली दुर्गमधून वेगळा झालेला जिल्हा. बालोद गावापासून थोड्याच अंतरावर मालीघोरी-खपरी लागतं आणि तिथे कुकुरदेवाचं मंदिर आहे. छत्तीसगढीत कुकुर म्हणजे कुत्रा. प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंना कुत्र्यांच्या मूर्ती, आत गाभाऱ्यात शिवलिंग आणि त्याच्या शेजारी पुन्हा कुत्राच. बांधकाम चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या नागवंशी राजवटीचं मानतात.

मंदिराची कथा बंजाऱ्याची आहे. दुष्काळ पडला, बंजारा सावकाराचा ऋणको झाला आणि फेडायला काहीच उरलं नाही तेव्हा त्याने आपला कुत्रा गहाण ठेवला. काही दिवसांनी सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी माल जवळच्या तळ्यात लपवला, तो लपवताना कुत्र्याने पाहिला आणि सकाळी सावकाराला तिथवर नेलं. गेलेलं धन परत मिळाल्यावर सावकाराने सगळी हकिकत कागदावर लिहिली, कागद कुत्र्याच्या गळ्यात बांधला आणि त्याला मोकळं केलं. कुत्रा धावत घरी आला. बंजाऱ्याला वाटलं, हा पळून आला, आपला शब्द गेला. त्याने काठीने कुत्र्याला मारून टाकलं. कागद नंतर दिसला. त्या कुत्र्याची समाधी मंदिरासमोर आहे, असं सांगतात.

कथा खरी की रचलेली, हा वाद बाजूला ठेवू. तिच्यातल्या कुत्र्याचा स्वभाव मात्र अगदी नेमका आहे. तो चोरांच्या नरडीला झोंबत नाही. बघतो, लक्षात ठेवतो, माणसाला जागेवर नेतो. ज्याच्या दारात ठेवलं त्याची राखण करतो आणि सोडलं की थेट मूळ घरी येतो. राखणदार कुत्र्याचं वर्णन याहून बरं फार ठिकाणी सापडत नाही.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्येही असंच काहीसं घडलं होतं. शेतीवर लिहिणाऱ्या वॅरोने एक हकिकत दिली आहे. एकाने उंब्रियातले मेंढ्यांचे कळप कुत्र्यांसकट विकत घेतले, पण मेंढपाळ घेतले नाहीत. मेंढपाळ कळप पोचवून घरी परतले आणि काही दिवसांनी कुत्रेही लांबची वाट तुडवून त्यांच्यामागे उंब्रियात दाखल झाले. त्याच वॅरोने कुत्र्याच्या गळ्यात खिळे बसवलेला पट्टा घालायला सांगितलं आहे, म्हणजे लांडग्याला मान धरता येत नाही. पुढच्या शतकातल्या शेतीलेखक कोलुमेलाचा सल्ला होता की कळपाचा कुत्रा पांढरा असावा. पहाटेच्या अंधुक उजेडात लांडगा समजून त्यालाच मारू नये, हे त्यामागचं कारण. आपल्याच कुत्र्यावर काठी चालवण्याची भीती खपरीपुरती नव्हती, हे यावरून दिसतं.

छत्तीसगडशी बंजाऱ्यांचं नातं मिठाचं आणि धान्याचं. लमाण तांडे शेकडो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून इथे मीठ आणत आणि तांदूळ-गहू घेऊन परत जात. रात्री तांडा थांबला की गोण्यांची भिंत रचायची, बैल आत घ्यायचे आणि बाहेर कुत्रे. कॅप्टन जेम्स फॉर्सिथने मध्य भारतावरच्या 1871 च्या पुस्तकात बंजाऱ्यांच्या कुत्र्याची नोंद केली आहे: सुमारे 28 इंच उंच, काळ्यावर करड्या-निळसर ठिपक्यांचा, कानांवर आणि शेपटीवर झुबकेदार केस. फॉर्सिथ शिकारी माणूस, त्यामुळे त्याला त्यात शिकारी कुत्रा दिसला. तांड्याला त्याचा उपयोग राखणीलाही होता.

मग आगगाडी आली. नागपूरहून निघालेला रूळ 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला राजनांदगावपर्यंत पोचला. 1887 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे स्थापन झाली आणि मार्ग रायपूरच्या पुढे सरकला. मीठ वाघिणीतून येऊ लागलं. बैल गेले, त्यांच्यामागे कुत्र्यांचं कामही गेलं. कुत्र्यांची जात केवळ कुत्री मेल्याने संपत नाही, तिचं काम संपलं तरी संपते.

आता थोडं राखणदार कुत्र्याच्या स्वभावाबद्दल. मेंढ्या हाकणारा कुत्रा वेगळा आणि राखणारा वेगळा. हाकणारा डोळे रोखून दबकत चालतो, त्याच्यात शिकारीचा अर्धा खेळ जिवंत असतो. राखणाऱ्यात तो खेळ जवळजवळ झोपलेला असतो. पिल्लू डोळे उघडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, साधारण तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत, ज्यांच्यात वाढतं त्यांना आपलं मानतं. ते दिवस कोकरांच्या उबेत गेले की मोठेपणी त्याला मेंढीच घरची वाटते. अमेरिकेतल्या हॅम्पशायर कॉलेजच्या रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून अशी हजाराहून अधिक कुत्री शेतकऱ्यांकडे ठेवून पाहिली. त्यांनी तीन गुण महत्त्वाचे मानले: कळपाकडे लक्ष, कळपाला इजा न करणं आणि अनोळखी हालचालीवर उठून उभं राहणं. लांडग्याशी झुंजण्याची वेळ क्वचितच येते. भुंकून मध्ये आडवं आलं तरी त्याच्या शिकारीचा डाव मोडतो.

म्हणून असा कुत्रा दिवसभर आळशी दिसतो. मेंढ्या चरतात, तो सावलीला पडलेला असतो. त्याचं काम यशस्वी झालं म्हणजे काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची मजुरी त्याला कोणी देत नाही.

जगात मात्र या कामाला पुन्हा मागणी आली आहे. नामिबियात चित्ता कॉन्झर्व्हेशन फंडाने 1994 पासून शेतकऱ्यांना तुर्की अनातोलियन कुत्री दिली. शेळ्या वाचल्या की शेतकरी चित्त्यावर बंदूक उचलत नाही, एवढा साधा हिशेब. ऑस्ट्रेलियात वॉरनॅम्बूलजवळच्या मिडल बेटावर कोल्ह्यांनी पेंग्विन जवळपास संपवले होते. 2006 मध्ये इटालियन मरेम्मा जातीचे कुत्रे आणले आणि पेंग्विन पुन्हा वाढले. आपल्याकडे हिमालयातले गद्दी आणि बकरवाल मेंढपाळ आपल्या कुत्र्यांविना डोंगर चढत नाहीत.

दख्खनच्या माळावर धनगरांच्या वाघुरीबाहेर, म्हणजे मेंढ्यांच्या जाळीच्या कोंडवाड्याबाहेर, झोपणारा कुत्रा कोणत्याही प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवणार नाही. गावठीच तो. पण लांडगा आल्याची पहिली बातमी तोच देतो. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गावकुसाबाहेर मोकाट वाढलेली कुत्री लांडग्यांना रोग देतात, पुणे जिल्ह्यात तर लांडगा-कुत्र्याची संकरित संततीही आढळली आहे. कळपाशी बांधलेलं कुत्रं आणि धनी नसलेलं कुत्रं एकाच मापाने मोजणं हा दोघांवरही अन्याय.

रायपूर-दुर्गच्या परिसरात आज बैलांचे तांडे नाहीत, पण कच्छचे रबारी मेंढ्या आणि उंट घेऊन फिरताना दिसतात. गावचे राऊत गुरं हाकतात. त्या कळपांमागे बहुधा एखादं कुत्रं असतंच, मळकट, कोणाकडे न बघणारं.

खपरीला कुत्रा चावलेली माणसंही श्रद्धेने येतात. त्यांनी नमस्कार जरूर करावा, मात्र त्याआधी जखम साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस टोचून घ्यावी. आणि तिथे जाताना वाटेत कळप आडवा आला, त्यातला कुत्रा उठून तुमच्या दुचाकीसमोर उभा राहिला, तर गाडी थांबवा, हॉर्न वाजवू नका, काठी उगारू नका. मेंढ्या पुढे गेल्या की तोही बाजूला होईल.