पडद्यावरील पंचकर्म आणि परिचारकाचा हात

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ या नावाने आपणां सर्वांना परिचित आहे. छेदनकर्माच्या अभ्यासासाठी कोहळा, भोपळा, काकडी; भेदनासाठी पाणी व चिखल भरलेली कातडी पिशवी; वेधनासाठी मृत पशूंच्या सिरा व कमळाचे देठ; एषणासाठी किडीने पोखरलेले लाकूड; बंधनासाठी बनविलेला मनुष्याकृती पुतळा. बस्तिनेत्र घालण्याचा सराव पाण्याने भरलेल्या घटाच्या बाजूच्या छिद्रात करावा, असेही तेथे सांगितले आहे. ही यादी विद्यार्थिदशेत आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. आज पुन्हा वाचताना जाणवते की रुग्णावर हात ठेवण्यापूर्वी अन्य साधनावर हात बसवावा, ही कल्पना आपल्या शास्त्राला मुळीच परकी नाही. नॉर्वेतील खेळणी बनविणारे आस्मुंड लेर्दाल यांनी १९६० साली कृत्रिम श्वसनाच्या शिक्षणासाठी बाहुली तयार केली. तिला एका अनामिक तरुणीच्या मुखवट्यावरून माणसाचा चेहरा दिला. तीही याच वाटेवरची. त्यामुळे टॅब, चित्रफिती आणि अ‍ॅप यांच्या साहाय्याने परिचारकांना शिकविण्यास आमचा तत्त्वतः विरोध नव्हता व आजही नाही. हे आधीच स्पष्ट केलेले बरे, कारण पुढील मजकुरावरून तसा ग्रह होण्याचा संभव आहे.

आमच्या पंचकर्म विभागात परिचारक टिकत नाहीत, ही तक्रार अनेक वैद्यबंधूंची असेल. सहा महिन्यांत शिकावे आणि शहरातील एखाद्या मोठ्या केंद्रात अधिक वेतनावर जावे, असा क्रम चालू असतो. प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून शिकविण्यात ज्येष्ठ परिचारिकेचा दिवस जातो. म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही अभ्यंग, स्वेदन, शिरोधारा व बस्ती यांच्या चित्रफिती तयार करवून घेतल्या. प्रत्येकीच्या शेवटी प्रश्नावली जोडली. उत्तरे बरोबर आली की पुढील पाठ खुला होई.

लाभ झाला, आणि तो मान्य केला पाहिजे. निरूह बस्तीच्या मिश्रणाचे उदाहरण घ्या. मध, सैंधव, स्नेह, कल्क आणि शेवटी क्वाथ हा क्रम आणि प्रत्येक वेळचे घोटणे तोंडी सांगून नेहमी चुके. चित्रफितीत मिश्रण एकजीव होताना दिसते, पुन्हा पाहता येते. त्यानंतर खलात तेल वेगळे तरंगल्याचे आमच्या पाहण्यात आले नाही. ज्येष्ठांचा हात म्हणजे सदैव प्रमाण असेही नव्हे. आमच्याकडील एका अनुभवी परिचारकाची तेलाची उष्णता पाहण्याची रीत म्हणजे त्यात बोट बुडविणे. वीस वर्षे कढत तेलात काम केलेले ते बोट! रुग्ण कळवळे आणि हे म्हणत, “कोमटच आहे.” तेथे तापमापकाने न्याय केला.

हे चालू असता एके दिवशी एका वृद्ध रुग्णेस बाष्पस्वेदनासाठी पेटीत बसविले होते. निदान आमवाताचे, बल मध्यम. शेजारी नवा परिचारक उभा होता. प्रश्नावलीत त्याला पैकीच्या पैकी गुण होते. घड्याळात पंधरा मिनिटे लावलेली, त्यांतील चार शिल्लक होती. बाहेरून जाणाऱ्या आमच्या ज्येष्ठ परिचारिका, ज्यांना सगळा विभाग मावशी म्हणतो, सवयीने आत डोकावल्या आणि विचारले, “आजी, बरं वाटतंय ना?” आजींनी मान हलविली, काही पुटपुटल्या. मावशींनी कपाळाला हात लावला आणि तत्क्षणी वाफ बंद करून पेटी उघडली. बाहेर काढताना आजींचे पाय लटपटत होते. निजवून, वारा घालून, शीत-मधुर उपचार केल्यावर अर्ध्या तासाने त्या सावरल्या. अनिष्ट टळले, पण ती शेवटची चार मिनिटे तशीच गेली असती तर काय, हा विचार आमच्या मनातून बरेच दिवस गेला नाही.

आम्ही त्या मुलाला बोलावून अतिस्विन्नाची लक्षणे विचारली. त्याने ती अचूक सांगितली: पित्तप्रकोप, मूर्च्छा, अंगग्लानी, तृष्णा, दाह, स्वर व अंगांचे दौर्बल्य. मग आम्ही विचारले, “आजींचा स्वर क्षीण झाल्याचे तुला कळले नाही?” तो म्हणाला, “सर, आजी बोलल्याच नाहीत.” आणि क्षणभराने, “मीही काही विचारलं नाही.”

रागावण्यापूर्वी आम्ही ती चित्रफीत पुन्हा पाहिली, हे आमचे सुदैव. चित्रणात काम करणाऱ्या मावशीच होत्या. त्या अखंड बोलतात: “ताई, तेल गरम लागतंय का?”, “इथं दुखतं ना?”, “नातवाचा निकाल लागला का?” चित्रणाच्या दिवशीही त्या बोलतच होत्या. परंतु संकलन करणाऱ्याने तो सर्व आवाज गोंगाट म्हणून काढून टाकला, त्या जागी बासरी घातली आणि वरून सूचना वाचून घेतल्या. आम्ही ते पाहून संमती दिली होती. सुबक झाले आहे असेही म्हणालो होतो. म्हणजे स्वेदन करताना रुग्णाशी बोलायचे नसते, हे त्या मुलाला आम्हीच शिकविले होते. बोलणे नसेल तर स्वरदौर्बल्य कळणार कसे? मावशींची ती विचारपूस आम्ही इतकी वर्षे सौजन्य समजत होतो. वस्तुतः ती परीक्षा होती. मावशींना विचारले तर त्या म्हणतात, “डॉक्टर, मी आपली बोलते. उत्तर नीट आलं नाही की लक्षात येतं.”

चरकाचार्यांनी परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत: उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच. आमच्या प्रश्नावलीने पहिला गुण मोजला, चौथ्याची काही अंशी दखल घेतली आणि मधल्या दोहोंना वाऱ्यावर सोडले. अनुराग मोजण्याची सोय अ‍ॅपमध्ये नाही याबद्दल अ‍ॅपला दोष देणे व्यर्थ आहे. ते काम आमचे होते. विमानस्थानात ज्ञानाचे तीन उपाय येतात: अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा. चित्रफीत हे अध्ययनाचे उत्तम साधन ठरते, अध्यापनाचेही थोडेफार ठरेल. संभाषेला मात्र समोर दुसरे माणूस लागते. यात आम्ही स्वतःला वगळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत आम्हीही कितीतरी व्याख्याने कॅमेरा बंद ठेवून ऐकली, एकीकडे भाजी निवडली आणि प्रमाणपत्रे मिळविली. १९८८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाने पदवीधर वैद्यांना गुरूंच्या सान्निध्यात ठेवून शिकविण्याचा क्रम चालविला, त्यामागे हीच उणीव भरून काढण्याचा विचार असावा असे आम्हास वाटते.

चित्रफिती आम्ही टाकून दिल्या नाहीत. क्रम बदलला. चित्रफीत पाहिल्यावर प्रशिक्षणार्थीने प्रथम ते कर्म स्वतःवर करवून घ्यावयाचे. पेटीत दहा मिनिटे बसल्यावर घशाला पडणारी कोरड आणि बोलण्याचा येणारा कंटाळा कोणत्याही पडद्यावर दाखविता येत नाही. त्यानंतर मावशींच्या बरोबरीने, एका बाजूस त्या व दुसऱ्या बाजूस तो, असे दहा रुग्णांचे अभ्यंग. उजव्या-डाव्या अंगाला मिळणाऱ्या दाबातील फरक रुग्णच सांगतो, आणि तो फारसा आडपडदा ठेवत नाही! शेवटची अनुमती गुणांवर न देता मावशींच्या शब्दावर देतो. याला वेळ लागतो, खर्चही वाढतो. एका परिचारकाची तयारी पूर्वी तीन आठवड्यांत होई, ती आता सहा आठवड्यांवर गेली आहे. आमच्या हिशेबनिसांना हे रुचलेले नाही.

एक गमतीचा अनुभव नोंदवावासा वाटतो. एका प्रशिक्षणार्थीचा अभ्यंगातील हात विलक्षण जलद चाले. कारण शोधता कळले की तो सर्व पाठ दीडपट गतीने पाहत असे.

तो स्वेदनाचा मुलगा अद्याप आमच्याकडेच आहे. आरंभी तो रुग्णांशी पाठ केल्यासारखे बोले, दर दोन मिनिटांनी “बरं वाटतंय ना?” एवढेच. मावशींनी त्याला सांगितले, “अरे बाळा, ज्याचं उत्तर नुसत्या मानेनं देता येईल असं विचारू नकोस. गाव विचार, पीकपाणी विचार.” हल्ली त्याच्या कक्षातून बोलण्याचे आवाज येतात. गेल्या महिन्यात त्याने एकाचे स्वेदन आठव्या मिनिटाला थांबविले व आम्हाला बोलावले. रुग्ण सुस्थितीत होता, थांबविण्याची आवश्यकता नव्हती. आम्ही त्याला तसे सांगितले आणि योग्य केलेस असेही सांगितले.

नव्या चित्रफितींत मावशींचा आवाज ठेवला आहे. नस्यकर्माचे चित्रण अजून व्हावयाचे आहे. गळ्याशी माइक अडकवून घेण्यास त्या तयार नाहीत. रुग्णाच्या तोंडावर वाकताना तो लोंबकळतो, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. यावर एखाद्या सभासदाने तोड काढली असल्यास ती अवश्य कळवावी.