तोटी कोणाच्या हाती?

व्यापाराने जोडलेली राष्ट्रे आपसांत लढत नाहीत, असा एक गोड समज आहे. १९१४ साली इंग्लंड व जर्मनी ही एकमेकांची मोठी गिऱ्हाइके होती. तरी युद्ध झालेच.

मग दारे लावून घेतल्याने शांतता लाभते काय? जपानकडे पाहा. १९२९ नंतरच्या मंदीत रेशमाचे भाव कोसळले व तेथील शेतकरी नागवला गेला. १९३० साली अमेरिकेने आयातीवर जबर जकात बसविली; इतरांनीही तोच कित्ता गिरविला. बाजार मिळत नसेल तर मुलूख घ्यावा, या लष्करी मंडळींच्या बोलण्याला धार चढली. १९३१ साली मांचुरियावर चढाई झाली. १९४१ च्या जुलैत जपानी सैन्य दक्षिण इंडोचायनात उतरले, तेव्हा अमेरिकेने तेल तोडले. जपानचे बहुतेक तेल तेथूनच येई. जपानने माघार घेतली नाही. डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला केला. आक्रमकाचा दोष याने धुतला जात नाही. पण कोंडी माणसाला शहाणे करतेच असे नाही, एवढे दिसते.

उलट १९५१ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी आदी सहा राष्ट्रांनी कोळसा व पोलाद एका सामाईक मंडळाच्या देखरेखीखाली आणण्याचा करार केला. तोटी कोणा एकाच्या हाती राहिली नाही. रशियन वायूवर विसंबलेल्या जर्मनीला मात्र २०२२ साली, युक्रेनवरील आक्रमणानंतर, या परावलंबनाची किंमत कळली.

उद्या तेलाची जागा चिप किंवा दुर्मिळ खनिजे घेतील. तेव्हाही दार उघडे की बंद, एवढेच विचारून भागणार नाही; तोटी कोणाच्या हाती, हेही विचारावे लागेल.