हिमसागराचा प्रवास : कपडे, विमा व सावधगिरी

मालवणच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या मुलास कडाक्याची थंडी ही पुस्तकांतूनच शिकावी लागते. माघांतल्या पहांटे अंगावर जाडशी चादर ओढून घेतली, कीं आमची थंडी संपली! तथापि पृथ्वीच्या दक्षिण टोकास असलेल्या अंटार्क्टिका नामक हिममय खंडाकडे भारताची पहिली मोहीम निघाली ती आमच्या शेजारच्या गोव्याहूनच, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजीं डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखालीं २१ जणांची तुकडी ‘पोलर सर्कल’ या भाड्यानें घेतलेल्या नॉर्वेच्या जहाजांतून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजीं तेथील बर्फावर उतरली. पुढें १९८३ च्या डिसेंबरांत निघालेल्या तिसऱ्या मोहिमेंत नागपुरास जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत व भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी होत्या. भारतीय मोहिमेंतून त्या खंडावर गेलेल्या या पहिल्याच स्त्रिया होत. आज या सर्व कार्याची व्यवस्था पाहणारें राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र गोव्यांतच, वास्को येथें आहे.

अशा मोहिमेवर जाणाऱ्यांची तयारी मोठी कसोशीची असते. दिल्लीच्या एम्स रुग्णालयांत त्यांची वैद्यकीय तपासणी होते. हिमालयांत औली येथें बर्फांत चालण्याचें व राहण्याचें शिक्षण त्यांस दिलें जातें. कपडे व औषधें संस्था पुरविते. परंतु अलीकडे केवळ सृष्टिसौंदर्य पाहण्यासाठीं तिकीट काढून जाणारे हौशी प्रवासीही पुष्कळ झाले आहेत, व त्यांत आपले मराठी लोकही असतात. नोव्हेंबर ते मार्च या तिकडच्या उन्हाळ्यांत अर्जेंटिनांतील उशुआइया बंदरांतून जहाजें निघतात व ड्रेकची सामुद्रधुनी सुमारें दोन दिवसांत ओलांडून दक्षिणेस जातात. या प्रवाशाच्या पाठीशीं सरकार नसतें. त्याची तयारी त्याची त्यानेंच करावयाची असते. ती कशी करावी व तशीच कां करावी, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

प्रथम थंडीचा विचार करूं. पुष्कळांस वाटतें कीं, तेथें जावयाचें म्हणजे जेवढे जाड कपडे मिळतील तेवढे अंगावर चढविले कीं झालें. हा समज अपुरा आहे. प्रवासी जहाजें ज्या किनाऱ्यास जातात तेथें उन्हाळ्यांत हवेचें उष्णतामान बहुधा शून्य अंशाच्या आसपास असतें. खरा शत्रु म्हणजे ओलावा व वारा हे दोघे जोडीनें येणारे बंधु. पाणी शरीरांतील उष्णता हवेपेक्षां सुमारें २५ पट वेगानें ओढून घेतें. आणि समुद्राचें खारें पाणी तर शून्याच्याही खालीं, उणे १.८ अंशापर्यंत थंड होऊनही द्रवरूपच राहतें. जहाजावरून किनाऱ्यास जाण्यासाठीं लहान रबरी होड्यांत बसावें लागतें. त्या वेळीं लाटांचे तुषार सतत अंगावर येतात. अशा वेळीं आंतील कपडे भिजले, तर ते कितीही जाड असले तरी निरुपयोगीच.

याकरितां एकच जाड कपडा न घेतां तीन थर करण्याची पद्धति आहे. अंगालगतचा थर पातळ लोंकरीचा किंवा घाम बाहेर जाऊं देणाऱ्या कृत्रिम धाग्याचा असावा. सुती मात्र नसावा. कारण सूत ओलें झालें कीं अंगास चिकटतें आणि लवकर वाळत नाहीं. मधला थर ऊब धरून ठेवणारा, म्हणजे लोंकरीचा स्वेटर वगैरे असावा. बाहेरचा थर वारा व पाणी या दोहोंस अडविणारा असावा, आणि तो कोटापुरता न ठेवतां विजारीचाही असावा. गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट आंत व जलाभेद्य विजार बुटांवरून बाहेर, अशी रचना ठेवावी. नाहीं तर विजारीवरून ओघळणारें पाणी बुटांत सांठतें. हातमोज्यांचे दोन जोड जवळ असावे. एक भिजला तर दुसरा उपयोगीं पडतो.

हें सारें ऐकून आमच्या कांहीं वाचकांस आपल्या आजोबांची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. भर पावसांत लावणी करणारा कोंकणी शेतकरी डोक्यापासून पाठीपर्यंत बांबूच्या कामट्यांचें व पानांचें इरलें घेत असे, आणि घाटावरच्या धनगराच्या खांद्यावर घोंगडी असे. लोंकर आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा शोषून घेते, तरी तिच्या तंतूंमध्यें अडकलेली हवा ऊब सोडीत नाहीं. आंत लोंकर व वर पाणी अडविणारें आवरण, हें जें तत्त्व ध्रुवावरच्या किमती पोषाखांत आहे, तेंच इरल्यांत व घोंगडींत होतें. साधनें बदललीं, तत्त्व बदललें नाहीं.

आतां दुसरी तयारी, म्हणजे विम्याची. ती डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून तिची हयगय अधिक होते. तेथें एखाद्याचा पाय मोडला किंवा हृदयविकाराचा झटका आला, तर काय करावयाचें? जहाजावर डॉक्टर असतो. परंतु मोठें रुग्णालय शेंकडों मैलांवर समुद्रापलीकडे असतें. या अंतराचा अर्थ समजण्यास एक उदाहरण पुरे आहे. आमच्या ‘मैत्री’ या भारतीय तळापासून थोड्याच अंतरावर रशियाचा नोवोलाझारेवस्काया नांवाचा तळ आहे. तेथें १९६१ च्या एप्रिल महिन्यांत लिओनिद रोगोझोव्ह या तरुण डॉक्टरास आंत्रपुच्छाचा विकार झाला. तळावर दुसरा डॉक्टर नव्हता, आणि हिमवादळामुळें विमान येणें अशक्य होतें. अखेर त्यानें सहकाऱ्यांस आरसा व हत्यारें धरावयास सांगून स्वतःच्या पोटावर स्वतःच शस्त्रक्रिया केली, आणि तो वांचला. त्याचें धैर्य अलौकिक खरें. परंतु प्रवाशानें अशा धैर्यावर भरंवसा ठेवून घर सोडूं नये.

रोग्यास अशा दूरच्या जागेवरून हलवून रुग्णालयांत पोहोंचविण्याचा खर्च देणारा विमा, म्हणजेच इव्हॅक्युएशन विमा होय. विशेष विमान मागविणें, सोबत डॉक्टर देणें, यांचा खर्च सामान्य कुटुंबाची आयुष्याची पुंजी संपवूं शकतो. म्हणूनच अनेक जहाज कंपन्या असा विमा असल्यावांचून प्रवाशास जहाजावर घेत नाहींत. परंतु नुसतें विमापत्र हातीं येणें पुरेसें नाहीं. तें वाचलें पाहिजे. त्यांत पांच गोष्टी पाहाव्या. पहिली, अंटार्क्टिका खंडाचा त्यांत समावेश आहे किंवा तो प्रदेश वगळला आहे. दुसरी, हलविण्याच्या खर्चाची कमाल रक्कम किती व ती जहाज कंपनीच्या मागणीइतकी आहे कीं नाहीं. तिसरी, पूर्वींपासून असलेल्या मधुमेह, रक्तदाब इत्यादि विकारांविषयीं कोणत्या अटी आहेत. चौथी, संकटसमयीं कोणास कळवावयाचें व कोणाची आगाऊ संमति घ्यावयाची. पांचवी, रोग्यास केवळ जवळच्या रुग्णालयापर्यंतच नेणार, कीं बरें वाटल्यावर मायदेशींही पोहोंचविणार. आमच्या पालकवर्गास विशेषेंकरून सांगावयाचें तें हें कीं, हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून आपला आजार लपवूं नये. ज्या दिवशीं विम्याची खरी गरज पडते, नेमक्या त्याच दिवशीं तें असत्य उघडकीस येतें, आणि त्याचा भार मुलांवर पडतो.

मात्र येथें एक भेद ध्यानांत ठेवणें अत्यंत अवश्य आहे. विमा खर्च देतो. सुटका करीत नाहीं. धुकें व वादळ यांस विमापत्र वाचतां येत नाहीं! किंग जॉर्ज बेटावरील धावपट्टीवर विमान उतरावयाचें तर आकाश निवळण्याची वाट पाहावीच लागते. प्राण वांचतात ते माणसांच्या व साधनांच्या पूर्वतयारीनें. २३ नोव्हेंबर २००७ रोजीं ‘एक्स्प्लोरर’ हें प्रवासी जहाज त्याच बेटाच्या जवळपास बर्फावर आदळून बुडालें. त्यावर १५४ माणसें होतीं. तीं लहान नौकांत उतरलीं, थंडींत कित्येक तास बसून राहिलीं, बिनतारी संदेश ऐकून ‘नॉर्डनॉर्गे’ हें जहाज धांवून आलें, आणि एकूण एक माणूस वांचला.

याच्या शेजारीं आपल्या किनाऱ्यावरची एक दुःखद आठवण ठेवून पाहावी. १७ जुलै १९४७ रोजीं ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि वाटेंतच वादळी समुद्रांत उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. तेथें हिमनग नव्हता, पाणी गोठलेलें नव्हतें, बंदर कांहीं मैलांवर होतें; परंतु बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें, आणि मुंबईस वार्ता पोहोंचण्यास कित्येक तास गेले. जे वांचले त्यांतील पुष्कळांस रेवसच्या कोळ्यांनीं आपल्या होड्यांत ओढून घेतलें. जगाच्या टोकास सर्वजण वांचले आणि घराच्या दाराशीं शेंकडों बुडाले, याचा अर्थ काय? संकट किती दूर आहे यापेक्षां मदतीची योजना आधींच केलेली आहे कीं नाहीं, याला अधिक महत्त्व आहे. १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या ध्रुवीय नौकानयनाच्या नियमांत वरून झांकलेल्या जीवनौका व प्रत्येक माणसास थंडीपासून रक्षण करणारें आवरण यांची सक्ती आहे, ती याच विचारानें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें शास्त्रज्ञ होऊन ‘मैत्री’वर जाईल, कोणी जहाजावर नोकरी धरील. परंतु बहुतेकांचा नित्याचा सागरप्रवास म्हणजे मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंतचा. तो थोडक्या मिनिटांचा असला तरी समुद्र तोच आहे. होडींत बसण्यापूर्वीं तरंगण्याचें जाकीट घालावें व त्याचे बंद नीट बांधावे. तांडेल ‘आणखी माणसें नकोत’ म्हणाला तर त्याच्याशीं हुज्जत घालूं नये. पावसाळ्यांत किल्ल्याची वाहतूक बंद ठेवतात, त्या वेळीं हट्ट धरूं नये. एवढें जो लहानपणीं अंगीं बाणवील, त्यास हिमसागराच्या प्रवासाची अर्धी तयारी मालवणांतच झाली असें समजण्यास हरकत नाहीं.